मानेचं भाषांतर

गाणं म्हणजे सकाळी आंघोळ करताना गुणगुणायची गोष्ट, यापलीकडे दत्तप्रसादचा गाण्याशी संबंध नव्हता. त्यामुळे शारजाहून दुबईकडे मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गाड्यांच्या रांगेत त्याच्या जुन्या टोयोटातला टेप एकदम धपाधप वाजायला लागला, तेव्हा त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि बंद करायला हात पुढे केला. कॅसेट लेकीची, शुभ्राची असणार हे उघडच होतं. काल संध्याकाळी तिला आणि शेजारच्या हनानला त्याने क्लासहून आणलं होतं, तेव्हा पोरींनी टेपशी काहीतरी चाळा केलाच होता.

हात बटणापाशी गेला आणि तिथेच थांबला. कारण त्या धपाधपीवर बोलायला लागलेला आवाज शुभ्राचा होता.

ती गात नव्हती. गाणं म्हणावं तर त्याला चाल नव्हती, आणि भाषण म्हणावं तर ते ठेक्यात चाललं होतं. अरबीत, एका दमात, भांडताना बोलतात तसं. दत्तप्रसादला अठरा वर्षांत अरबी आलं नव्हतं. सलाम, शुक्रान, यल्ला, खलास, 'हो'ला 'ऐवा' आणि 'नाही'ला 'ला', एवढ्या पुंजीवर त्याचं सगळं भागलं होतं. पुढचं सगळं शुभ्रा बघायची. वीज कंपनीचं ऑफिस असो, दवाखाना असो की दारावर आलेला इमारतीचा मिसरी, इजिप्तचा वॉचमन असो, शाळेत अरबीत दरवर्षी पहिली येणारी ही सतरा वर्षांची मुलगी पुढे व्हायची आणि आईबाप मागे कौतुकाने उभे राहायचे. आपल्या पोटची पोर ही अवघड भाषा पाण्यासारखी बोलते, याचा दत्तप्रसादला केवढा अभिमान! मंडळाच्या गणपतीत तो न विचारता चार जणांना सांगायचा.

आज मात्र त्याला तीन शब्द कळले. पहिला शब्द त्याच्या कंपनीचं नाव होता. दुसरा होता 'बाबा'. आणि तिसरा, ठेका मधेच थांबवून, एकटाच टाकलेला: 'किसन'.

त्याने घाईघाईने काचा वर आहेत ना, ते पाहिलं. डावीकडच्या पिकअपमधला माणूस त्याच्याकडे बघत होता. तो बिचारा जांभई देत होता, पण दत्तप्रसादच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याने कॅसेट काढली, रुमालात गुंडाळली आणि सीटखाली सरकवली. मग वाटलं, सीटखाली कोणी बघितलं तर? म्हणून ती शर्टाच्या खिशात ठेवली. रांग पुढे सरकली तरी तो सरकेना, तेव्हा मागच्याने हॉर्न मारला.

किसन मंडणगडकडचा. दत्तप्रसाद ज्या बांधकाम कंपनीत स्टोअर सांभाळायचा, तिथेच किसन परांच्या बांधायचा. दोनेक महिन्यांपूर्वी साइटवर तो वरून खाली आला आणि पुन्हा उठला नाही. त्याच्या कमरेला बेल्ट नव्हता. आणि बेल्ट का नव्हता, हे दत्तप्रसादइतकं नीट कोणालाच माहीत नव्हतं, कारण स्टोअरमधले बेल्ट जुने होऊन फेकून दिल्यावर नवे आलेच नव्हते. त्याने मॅनेजरला आठवण करून दिली होती. मॅनेजर म्हणाला होता, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात.

पोलीस आले तेव्हा साइटच्या ऑफिसात मॅनेजर होता, इद्रीस होता आणि दत्तप्रसाद. इद्रीस हा कंपनीचा मंदूब. मंदूब म्हणजे कंपनीच्या वतीने सरकारी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवणारा माणूस. व्हिसा, पासपोर्ट, शिक्के, सगळं त्याच्या हातात. उंच, सावकाश बोलणारा सुदानी गृहस्थ. पोलिसाने काहीतरी विचारलं. इद्रीस दत्तप्रसादकडे वळून हिंदीत म्हणाला, "बेल्ट दिया था ना?" मॅनेजर खिडकीतून बाहेर बघत होता. दत्तप्रसादने मान हलवली. तोंडाने तो काहीच बोलला नाही. इद्रीसने पोलिसाला एक शब्द सांगितला, ऐवा, आणि काम झालं. किसनने दिलेला बेल्ट बांधला नाही, चूक त्याचीच, असं ठरलं.

दत्तप्रसाद वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. लिफ्टमध्ये पायघोळ पांढरा कंदूरा घातलेला कोणी अरब शिरला की हा पोट आत घ्यायचा. शुभ्राची बारावी, व्हिसाचं नूतनीकरण, गावी आईचं आजारपण, सगळं त्या एका नोकरीच्या खुंटीला टांगलेलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याने शोभनाला, बायकोला, सगळं सांगून टाकलं होतं. जेवणाच्या टेबलावर शुभ्राही होती, पण कानांवर हेडफोन होता. पोरीचं काय, ती कुठे ऐकतेय, असं दोघांनाही वाटलं.

आता ती पोर किसनचं नाव घेऊन अरबीत काय म्हणत होती? टेबलावरचं सगळं त्यात होतं का? आणि ते कोणाकोणाच्या कानावर गेलं होतं? दिवसभर स्टोअरमध्ये त्याने खिळ्यांच्या जागी नट दिले आणि फोन वाजला की दचकला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"शुभ्रा, गाडीतली ती कॅसेट तुझी का गं?"

"ओह, यू फाउंड इट? थँक गॉड! समेर वुड हॅव किल्ड मी."

समेर हनानचा मोठा भाऊ. शेजारच्याच दारात राहणारं हे पॅलेस्टिनी कुटुंब. समेर कॉम्प्युटर शिकत होता आणि त्याच कॉम्प्युटरवर ठेके बनवायचा. त्याच्या मावसभावाने फ्रान्सहून अल्जेरियन पोरांच्या कॅसेट आणल्या होत्या, आणि अरबीत असं काही करता येतं, आणि तेही घरात आई-बहिणीशी बोलतात त्या अरबीत, हे कळल्यापासून त्या घरातल्या सोफ्यावर दुसरं काही चालत नव्हतं. शुभ्राचं अरबी पुस्तकी. हनान तिला हसायची, म्हणायची, तू बातम्या वाचतेयस की शिव्या देतेयस? मग शुभ्राने हट्टाने घरचं अरबीही उचललं होतं.

"काय आहे काय ते?" दत्तप्रसादने विचारलं.

"रॅप, बाबा. हिप हॉप. हनान अँड मी. नेक्स्ट थर्सडे दुबईत शो आहे, क्लबच्या हॉलमध्ये. सगळे बॉइज ग्रुप्स आहेत, ओन्ली वी टू आर गर्ल्स."

"हॉलमध्ये? लोकांसमोर?" त्याचा आवाज चिरका झाला. "आणि अर्थ काय त्याचा?"

शुभ्राने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. "इट्स अबाउट अ मॅन हू फॉल्स."

"कोण माणूस?"

"जस्ट अ मॅन, बाबा."

इथे सरळ विचारायला हवं होतं, की यात किसनचं नाव का आहे. शोभना नंतर स्वयंपाकघरात तेच म्हणाली, "अहो, लेक आहे तुमची, विचारा की तोंडावर!" पण तोंडावर विचारायचं म्हणजे त्या मान हलवण्याचा विषय लेकीसमोर काढायचा. ते त्याच्याने होईना. कॅसेट ऑफिसात राहिली, उद्या आणतो, असं खोटंच सांगून तो मोकळा झाला. आणि मग त्याने तेच केलं, जे तिथे पोट भरायला गेलेले आपले लोक वर्षानुवर्षं करत आले आहेत. अरबीत काही आलं आणि कळलं नाही, की ते उचलायचं आणि मंदूबाकडे न्यायचं. पार्किंगचा दंड असो की मुलाच्या जन्माचा दाखला, ही सवय इतकी हाडीमाशी मुरलेली की कॅसेट घेऊन इद्रीसच्या गाडीत बसेपर्यंत आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

दुपारची वेळ होती. कंपनीची गाडी सावलीत उभी, एसी चालू. इद्रीसने कॅसेट उलटसुलट करून पाहिली.

"मेरी बेटी का है," दत्तप्रसाद म्हणाला. "स्कूल का कुछ. मीनिंग बोलो ना, भाई. मेरे को टेन्शन है."

धपाधप सुरू झाली. इद्रीसची बोटं स्टिअरिंगवर ठेका धरू लागली. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, माशाल्ला म्हणून त्याने भुवया उडवल्या. मग 'किसन' आलं, आणि बोटं थांबली. शुभ्रा बोलतच होती. इद्रीस समोरच्या काचेतून पत्र्याच्या कुंपणाकडे बघत ऐकत होता. संपल्यावर त्याने थोडी कॅसेट मागे घेतली आणि मधला एक तुकडा पुन्हा ऐकला. दत्तप्रसादचा जीव टांगणीला लागला होता.

"क्या है?"

"मोहब्बत का गाना," इद्रीस म्हणाला.

"मोहब्बत?"

"हां हबीबी. बच्चा लोग. लड़का, लड़की, दिल टूट गया. कुछ नहीं. खलास." त्याने कॅसेट परत दिली नाही. स्वतःच्या कंदूऱ्याच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "मेरा बेटा को ये म्यूझिक बहुत पसंद. मैं कॉपी करेगा, फिर देगा."

दत्तप्रसादच्या अंगातून इतकं ओझं उतरलं, की कॅसेट गेली याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. किसन नावाचं अरबीत काहीतरी असेलही, आणि बाबा तर सगळीकडे बाबाच. परतताना त्याने घरच्यांसाठी शावर्मा घेतले आणि शारजातल्या रोलाच्या सिग्नलला चक्क शीळ घातली.

घरी शावर्म्याचे पुडे टेबलावर ठेवता ठेवता तो हसत म्हणाला, "काय गं, कोण हा मुलगा? दिल टूट गया म्हणे! इद्रीसने सगळा अर्थ सांगितला मला."

शुभ्राच्या हातातला पुडा खाली पडला.

"बाबा, तुम्ही ते इद्रीस अंकलना ऐकवलं?"

ती मराठीत बोलली, तिथेच दत्तप्रसादला कळायला हवं होतं. साधी भूक लागली तरी इंग्रजीत सांगणारी पोर ती.

"म्हणजे काय! अर्थ कोण सांगणार मग? तू तर..."

"बाबा, ते लव्ह साँग नाहीये. इद्रीस अंकल आहेत त्याच्यात."

शोभना गॅस बंद करून बाहेर आली. शुभ्राने खुर्ची धरली आणि एकेक ओळ अरबीत पुटपुटत मराठीत सांगितली. ठेक्याशिवाय, मान खाली घालून:

"दोरी होती, माणूस होता, मधे नुसती हवा होती.
किसन नाव त्याचं. हवेने विचारलं, पट्टा कुठाय तुझा?
पट्टा साहेबाच्या इन्शाल्लामध्ये, पट्टा पुढच्या महिन्यात,
पट्टा सगळ्यांच्या तोंडात, फक्त कमरेला नाही.
एकाने विचारलं, माझ्या बाबाने मान हलवली,
तिसऱ्याने त्या मानेचं भाषांतर केलं.
तीन माणसं लागली, पडलेल्याला पुन्हा पाडायला."

बाहेर जिन्यात कोणाच्या तरी दाराची कडी वाजली आणि तिघंही दचकली.

"अरबीत का केलंस?" शेवटी दत्तप्रसादने विचारलं. रागावायचं होतं, पण आवाजात राग येईना.

"तुम्हाला कळणार नाही म्हणून," ती म्हणाली. "मला कोणाला तरी सांगायचं होतं. तुम्हाला नाही."

त्याला हे फार लागलं. पण लागण्यापेक्षा भीती मोठी होती. इद्रीसला पहिल्या ओळीपासून सगळं कळलं होतं. स्वतःवरचा आरोप स्वतःच्या कानांनी, तोही दोनदा, ऐकून त्या माणसाने मोहब्बत का गाना म्हणून सांगितलं आणि कॅसेट खिशात घातली. का? वाचवायला? की कोणाला तरी दाखवायला?

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात पोचला तो धावतच. इद्रीसच्या टेबलावर चहाचा कप उपडा होता. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, इद्रीसभाई इमर्जन्सी लीव्हवर गेले, आज सकाळच्या फ्लाइटने खार्टूमला.

आणि मग काहीच झालं नाही. भित्र्या माणसाला याच्याइतकी मोठी शिक्षा नाही. मॅनेजर समोरून जायचा, गुड मॉर्निंग म्हणायचा, आणि त्या गुड मॉर्निंगचा अर्थ लावत दत्तप्रसाद दुपार काढायचा. शोभनाने एका बॅगेत दागिने आणि शुभ्राचे शाळेचे दाखले भरून ती पलंगाखाली ठेवली. का भरली, असं त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पासपोर्ट तर कंपनीतच होते, कंपनीच्या तिजोरीत. त्याशिवाय जायचं ठरवलं तरी जाणार कुठे?

शुभ्राने शो सोडला. दत्तप्रसादने सांगायच्या आधीच. हनान बोलवायला आली, तर पोट दुखतंय म्हणून तिने दार लोटून घेतलं. समेरने दारातूनच विचारलं, निदान कॅसेट तरी दे, तुझा आवाज आम्ही लावू, आणि ती अशी काही ओरडली की तो चार पावलं मागे सरला. गुरुवारी शो झाला. भिंतीपलीकडून ठेका पूर्वी यायचा तसा यायचा, पण या घरातून त्यावर पाय आपटले जात नव्हते. वॉचमन पाण्याच्या टाकीबद्दल काही सांगायला आला, तेव्हा शुभ्रा दाराशी गेली खरी, पण उत्तरं अशी तुटक देत होती, जणू प्रत्येक शब्द कोणीतरी मोजून ठेवणार आहे.

दत्तप्रसाद हे बघत होता. त्याची स्वतःची भीती अठरा वर्षं अंगाला चिकटलेली, घामासारखी. तिची त्याला सवय होती. पण ती लेकीच्या अंगावर बघवेना. मधूनच त्याला तिचा कॅसेटमधला आवाज आठवायचा. काय दम होता पोरीत! एकदाही अडखळली नव्हती.

त्याच आठवड्यात ठकुबाईचा फोन आला. ठकुबाई किसनची बायको. गावातल्या बूथवरून ती कंपनीचा नंबर लावून स्टोअर मागायची. एवढं एकच मराठी बोलणारं माणूस तिला माहीत होतं.

"भाऊ, कंपनीची माणसं सांगतात, तेनीच पट्टा बांधला नव्हता. खरं का वो?" लाइनवर खरखर होती. "गाईचं दावं दोनदा ओढून बघणारा माणूस तो. सोताचा पट्टा इसरंल?"

"वहिनी, मला... तुम्हाला कळवतो," दत्तप्रसाद म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर बराच वेळ तो स्टोअरच्या रिकाम्या फळीसमोर उभा होता. बेल्ट टांगायचे हुक अजून तिथेच होते.

दोन दिवसांनी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. कॉन्सुलेटने किसनच्या प्रकरणाची चौकशी केली होती, त्यामुळे पोलिसांना फाइल बंद करण्याआधी स्टोअरवाल्याला पुन्हा एकदा विचारायचं होतं. आजच, दुपारच्या आत.

"इद्रीस नाहीये," मॅनेजर इंग्रजीत म्हणाला, "आणि तिथल्या ऑफिसरला हिंदी येत नाही. नवा मुलगा आहे, अल ऐनचा. तुझी मुलगी अरबी छान बोलते म्हणे. इद्रीस सांगत होता." तो कागदावरून मान वर न करता पुढे म्हणाला, "गातेसुद्धा, नाही का? तिलाच घेऊन जा."

मॅनेजरला ठाऊक होतं. किती ठाऊक होतं, कॅसेट ऐकली होती की नुसतं कानावर आलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता, आणि तो मुद्दामच ठेवला नव्हता. दुसरा माणूस नेतो, असं म्हणायला दत्तप्रसादने तोंड उघडलं. मॅनेजरने तेवढ्यात मान वर केली. तोंड पुन्हा मिटलं.

शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून शुभ्रा गाडीत बसली. गणवेशातच, मांडीवर दप्तर. कुठे जायचंय हे ऐकल्यावर ती इतकंच म्हणाली, "आपल्याला पकडणार आहेत का?"

"छे गं! दोन प्रश्न. मी सांगेन ते त्यांना सांगायचं, बस."

"येस, बाबा."

एरवी सिग्नलवर बोटांनी दप्तरावर ठेका धरणारी ती, आज दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. दत्तप्रसादने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

पोलीस स्टेशनात एसीचा गारठा होता. ऑफिसर खरोखरच कोवळा, मिशी नुकती जमलेली. त्याने मरहबा म्हणून बसायला खुर्च्या दिल्या, मुलीला पाहून अवघडला, पाणी मागवलं. त्याच्या वागण्यात धाक नावालाही नव्हता. भ्यायचं ते दत्तप्रसाद आपलं आपणच भीत होता. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते, नाव, काम, किती वर्षं. शुभ्रा ऐकायची, सांगायची, हळू आवाजात, जमिनीकडे बघत. मग ऑफिसरने पेन हातात घेतलं आणि तो प्रश्न विचारला. शुभ्रा दत्तप्रसादकडे वळली.

"बाबा, ते विचारतायत, किसनकाकांना त्या दिवशी बेल्ट दिला होता का?"

हा प्रश्न त्याला आजवर कोणी मराठीत विचारलाच नव्हता. इद्रीसच्या हिंदीत 'ना' होतं, उत्तर आधीच आत बसवलेलं. हिच्या प्रश्नात तसलं काही नव्हतं. तिच्या ओठांवर पांढरी कोरड होती. जी मुलगी एका दमात, न अडखळता, तीन माणसांना नागडं करून गेली होती, ती आता एक वाक्य विचारून धापा टाकत होती. हे आपण केलं. किसनचंही आपण केलं, आणि हिचंही. दत्तप्रसादला आयुष्यात पहिल्यांदा भीतीपेक्षा दुसऱ्या कशाचा तरी जोर जास्त वाटला. घसा साफ करून तो बोलला, आणि स्वतःचा आवाज ऐकून त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"नाही. दिला नव्हता. स्टोअरमध्ये एकही बेल्ट नव्हता. मी मॅनेजरला सांगितलं होतं, तरी आणले नाहीत. त्या दिवशी मी खोटी मान हलवली. हे सगळं सांग त्यांना, शुभ्रा. जसंच्या तसं."

शुभ्रा त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी उजळलं, असं त्याला वाटलं. मग तिने दाराकडे पाहिलं. दारात एक पोलीस उभा होता, सहज, चहा पीत. तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, ऑफिसरच्या हातातलं पेन पाहिलं, आणि टेबलाखाली दत्तप्रसादचा हात गच्च पकडला.

ती ऑफिसरकडे वळली आणि म्हणाली, "ऐवा."

त्यापुढे ती बरंच बोलली. स्वच्छ, व्यवस्थित, पुस्तकी अरबीत. किसन हे नाव त्यात एकदा आलं, मॅनेजर एकदाही आलं नाही. दत्तप्रसादला बाकीचं कळायची गरज नव्हती. तो पहिला शब्द तिथे दुधाची पिशवी घ्यायला आलेल्या पोरालाही कळतो.

ऑफिसर लिहू लागला.

त्याच्या उलट अर्थाचा शब्द दत्तप्रसादला येत होता. एवढासा, एका अक्षराचा. तो जिभेच्या टोकापर्यंत आला. पण तो उच्चारला की पोलिसांसमोर खोटं बोललं कोण? कंपनी नाही, इद्रीस नाही. ही, गणवेशातली, सतरा वर्षांची. पेन कागदावर चालत होतं आणि टेबलाखाली तिची नखं त्याच्या हातात रुतत होती. त्याने तोंड उघडलं, श्वास घेतला आणि तो शब्द गिळला. गावातल्या बूथवर रिसीव्हर कानाला लावून उभी असलेली ठकुबाई त्याच्या डोळ्यांसमोर आली, तशी त्याने नजर खाली वळवली. तोवर ऑफिसरने सही करून कागद फाइलमध्ये घातला होता.

मग तो शुभ्राकडे बघून प्रसन्न हसला आणि काहीतरी म्हणाला. तिने मान आणखी खाली घातली.

"काय म्हणाले?" दत्तप्रसादने विचारलं.

"ते म्हणतायत," शुभ्रा म्हणाली, "माझं अरबी फार छान आहे."